पाण्याचा रंग विचारणारे काका

ओळख झाली की पहिल्या पाच मिनिटांत काका समोरच्याला विचारत, "पाण्याचा रंग कोणता?" बसच्या ड्रायव्हरला, डॉक्टरांच्या सर्जरीतल्या रिसेप्शनिस्टला, बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या पोलिश माणसाला, कुणालाही. "पाण्याला रंग नसतो" असं उत्तर देणाऱ्यावर ते जरासे रुसत. "शाळेत शिकवलेलं सांगू नकोस गो. पाहिलेलं सांग." माझ्या मुलीला त्यांनी विचारलं तेव्हा ती सात वर्षांची होती. ती म्हणाली, "ब्लू." मग डोळे मिटून थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "पण बाथमध्ये व्हाइट. आणि आजीच्या घरी बादलीमध्ये ग्रीन, कारण बादली ग्रीन आहे." काका इतके खूश झाले की पुढचा महिनाभर भेटेल त्याला ही बादली सांगत होते.

मी तेव्हा लंडनमधल्या ईलिंगच्या एका लायब्ररीत कामाला होते. माझी वेळ आली तेव्हा मी थेम्स आठवून "तपकिरी" म्हटलं. त्यांनी मान हलवली, माझ्या बॅजवरचं नाव वाचलं आणि इंग्रजी सोडून सरळ मराठीत म्हणाले, "आमच्या अलिबागलाही तसंच. गढूळ. थंडीत जरा राखाडी." मग काउंटरवर बुटांचा एक पुठ्ठ्याचा खोका ठेवून त्यांनी मला विचारलं की तुर्की भाषेचा मोठा कोश दुसऱ्या कुठल्या लायब्ररीतून मागवता येईल का. अलिबागचा माणूस, ईलिंगची लायब्ररी आणि तुर्की कोश. मी फॉर्म पुढे केला. पुढची चार वर्षं ते दर मंगळवारी येत राहिले.

ईलिंगमधल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव 'पेटीवाले काका' असं पडलं होतं. बुटांच्या खोक्याला पेटी म्हणणारेही तेच. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू होते. "आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, आणि लागले ते तेल गाळायलाच लागले," असं ते सांगत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. तरुणपणी ते लंडनला आले, कौन्सिलमध्ये नकाशे काढायच्या कामाला लागले आणि सिनेगॉगमधल्या एका संध्याकाळी त्यांना एस्त्रेया भेटली. ती तुर्कस्तानातल्या इझमीरची. तिच्या घरात लादिनो बोलत. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधून घालवून दिलेल्या ज्यूंनी बरोबर नेलेली ती जुनी स्पॅनिश होती आणि तुर्कस्तानात राहता राहता तिच्यात शेजाऱ्यांचे पुष्कळ शब्द मिसळले होते. काकांच्या घरी नवरा-बायकोचं बोलणं इंग्रजीत चाले. स्वयंपाकघरात थोडी मराठी असे, कारण "मीठ कमी आहे" हे एस्त्रेयाकाकू मराठीतच म्हणत. लादिनो मात्र फक्त रविवारी ऐकू येई, काकूंची धाकटी बहीण सुलताना यायची तेव्हा.

त्या रविवारांबद्दल काका फार कमी बोलत. एकदाच बोलले. खोक्यातली शब्दांची कार्डं लावता लावता म्हणाले, "त्या दोघी बोलत बसायच्या, आणि मी पेपर उघडून बसायचो. पन्नास वर्षं. 'तुमचं चालू द्या,' म्हणायचो. मला वाटायचं, मी त्यांना मोकळीक देतोय." मग एक कार्ड जागेवर सरकवत, "कान होते गो मला. चांगले कान होते."

काकू गेल्या आणि त्यानंतर तीन-चार महिन्यांनी काकांनी लादिनो शब्दाचं पहिलं कार्ड लिहिलं. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या बरंच पुढे गेलं होतं. कार्डांची त्यांची पद्धत त्यांचीच होती. नकाशे काढणाऱ्याच्या रेखीव अक्षरात वर शब्द, त्याखाली अर्थ, आणि त्याखाली सगळ्यात महत्त्वाची ओळ: कोण म्हणालं, कुठे, काय करता करता. 'तेंजेरे: पातेलं. म्हणाले सिनेगॉगच्या लंच क्लबमधले एक आजोबा, सूप सांडल्यावर.' 'पिशीन: लगेच. म्हणाल्या एक बाई, केअररवर ओरडताना.' कोशात सापडलेला शब्द कार्डावर चढत नसे. जिवंत माणसाच्या तोंडून, त्याच्या कामाच्या ओघात, आपोआप आलेलाच शब्द चाले. विचारायचं नाही, सुचवायचं नाही. वस्तू समोर ठेवायची आणि गप्प बसायचं.

मी एकदा त्यांना साड्यांचे रंग सांगत होते. मोरपंखी, आकाशी, चिंतामणी. चिंतामणी त्यांना फार आवडला. कोरं कार्ड काढून त्यांनी विचारलं, "कुणाच्या तोंडून ऐकलास?"

"काका, हा सगळ्यांनाच माहीत असतो."

"सगळे म्हणजे कुणीच नाही. कोण म्हणालं?"

मी आठवत बसले. दुपार होती. बाहेर कुणीतरी झाडांच्या फांद्या छाटत होतं. खूप वेळाने मला माझी आई दिसली, पलंगावर साडीची घडी घालताना, हनुवटीखाली पदराचं टोक दाबून धरलेली. तोंड मिटल्यासारखंच ठेवून ती म्हणत होती, "ही चिंतामणी तुझ्या मावशीला देऊ या." आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि ही घडी मला त्या दोन वर्षांत एकदाही आठवली नव्हती. मी हे सांगत गेले. काकांनी सगळं लिहून घेतलं, हनुवटीसकट, आणि ते कार्ड मला देऊन टाकलं. "हे तुझ्या पेटीत," म्हणाले. माझ्याकडे पेटी नव्हती. आता आहे.

त्यांची सगळी कार्डं मी पाहिली होती. खोके वाढत वाढत पाच झाले होते. त्यांत एकच कार्ड असं होतं की ज्यावर वर शब्द होता आणि खाली काही नव्हतं. तो शब्द म्हणजे 'मावी'.

मावी म्हणजे निळा. हा शब्द तुर्की. त्याचा माग काढण्यात काकांनी एक आख्खा हिवाळा घालवला, आणि कोश उघडून मी त्यांच्या शेजारी बसत असे. तुर्कीत तो अरबीतून आला. अरबीत पाण्याला 'मा' म्हणतात, आणि त्यावरून झालेल्या विशेषणाचा मूळ अर्थ एवढाच: पाण्याचा, पाण्यासारखा. फारसीतही तसंच आहे. आब म्हणजे पाणी, आणि आबी म्हणजे निळा. हे कळलं त्या मंगळवारी काकांनी टेबलावर दोन्ही हात पसरले. "म्हणजे कुणीतरी पहिल्यांदा पाण्याकडे बोट केलं," ते म्हणाले. "आणि ते पाणी निळं होतं. आपल्या किनाऱ्यावर हा शब्द जन्मलाच नसता."

त्यांना पडलेला खरा प्रश्न पुढचा होता. स्पेनहून निघालेल्या या लोकांकडे निळ्यासाठी आपला शब्द होताच. लाल, हिरवा, पांढरा, काळा यांचे स्पॅनिश शब्द त्यांनी पाचशे वर्षं सांभाळले. मग निळाच का शेजाऱ्याचा घेतला? काकांनी यावर अनेक तर्क केले. मण्यांमुळे असेल, म्हणाले. तिकडे नजर लागू नये म्हणून निळे मणी बांधतात, आणि मणी विकणारा तुर्की बोलणार. किंवा कापडामुळे. बाईने रंगाऱ्याकडे जाऊन मागायचं, तर ते त्याच्या भाषेत मागावं लागतं. मग एका मंगळवारी आले ते कोट न काढताच म्हणाले, "मला वाटतं, त्यांनी घेतला नाही. खिडकी उघडली की समोर आखात. पोरं खाली शेजारच्या पोरांबरोबर खेळतायत. पोरं काय म्हणतात तेच आया म्हणायला लागतात. तुझं नाही का, मुलीशी बोलताना आकाशसुद्धा ब्लू होतं?" ते खरं होतं. पण या तर्काला पुरावा नाही, हेही त्यांनीच पुढच्या वाक्यात सांगितलं.

"पण काकू मावी म्हणायच्या ना?" मी विचारलं.

"म्हणायची. आवाज येतो मला. पण कशाला म्हणाली, काय करत होती, काही नाही. फक्त आवाज."

"मग तुम्हीच साक्षीदार. लिहा की."

"नवऱ्याची साक्ष चालत नाही," काका म्हणाले. "तो ऐकत नसतो."

लंच क्लबमधली म्हातारी माणसं एकेक करून गेली होती, आणि जी होती ती निळ्याला ब्लूच म्हणत. आता एकच तोंड उरलं होतं, सुलतानाबाईंचं. त्या उत्तर लंडनमधल्या एका केअर होममध्ये होत्या. काकू गेल्यापासून काका त्यांना सणावारी कार्ड पाठवत, फोन करत, पण भेटायला जायचं टाळत. एका रविवारी ते मला म्हणाले, "तू येशील का? एकट्याला मला तिची भीती वाटते." बरोबर न्यायला त्यांनी मलिदा केला होता. वेम्बलीहून आणलेले पोहे, गूळ, खोबरं आणि वर फळं. देवाला बोललेलं काही पुरं झालं की बेने इस्रायली घरांत तो करतात. "अजून पुरं झालंय कुठे?" मी म्हटलं. "आधीच केलाय. देवाला जरा लाज वाटू दे," काका म्हणाले.

सुलतानाबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, हाडकुळ्या, ओठांना लिपस्टिक. काकांनी बॅगेतून निळा कप काढून टेबलावर ठेवला, निळी लोकर ठेवली, घरातल्या जुन्या टेबलक्लॉथचा निळा तुकडा ठेवला आणि मांडीवर कार्ड घेऊन गप्प बसले. सुलतानाबाई इंग्रजीत कप म्हणाल्या, लोकर म्हणाल्या. एक तास गेला. चहा येऊन गेला. काकांनी कप तिसऱ्यांदा बोटभर पुढे सरकवला, आणि मला ते पाहवेना. मी कप उचलला आणि म्हणाले, "हा मावी ना?"

"येस, येस, मावी," सुलतानाबाई म्हणाल्या.

काकांनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण सुलतानाबाईंना दिसलं. त्यांनी टेबलावरच्या वस्तूंकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, आणि हे सगळं कशासाठी चाललं होतं ते त्यांच्या ध्यानात आलं. मग अगदी शांतपणे त्या इंग्रजीत म्हणाल्या, "पन्नास वर्षं वर्तमानपत्र. आता कार्डं. तुझ्या-माझ्यामध्ये कायम कागदच." आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मलिद्याचा डबा त्यांनी उघडलासुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये मी तीनदा माफी मागितली. काका रागावले नव्हते. "तू तिला शब्द दिलास, तिने तो परत बोलून दाखवला. आरशासमोर उभं राहून कुणाला भेटून आलो असं म्हणता येतं का?" एवढंच म्हणाले. घर जवळ आल्यावर म्हणाले, "पण कागदाचं ती जे म्हणाली, ते तू न सुचवता म्हणाली."

त्या हिवाळ्यात काकांचं हृदय थकत गेलं. पायांवर सूज येई, लायब्ररीच्या तीन पायऱ्या चढताना ते दोनदा थांबत. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी मला नकाशा समजावून द्यावा तसं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे उन्हाळा बघेन. सगळा नाही." मार्चमध्ये त्यांनी पुन्हा सुलतानाबाईंकडे जायचं ठरवलं. मी सवयीने कोरी कार्डं आणि पेन माझ्या बॅगेत टाकलं. या वेळी टॅक्सी केली. वाटेत काका पुटपुटत होते. मला वाटलं, प्रार्थना करताहेत.

आत गेल्यावर त्यांनी काहीच मांडलं नाही. खुर्ची ओढून सुलतानाबाईंच्या अगदी समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखं मोठ्याने म्हणाले, "के हाबेर, कुन्याडा?" काय खबर, मेहुणीबाई?

सुलतानाबाईंनी मान वळवली.

"आगोरा मे आव्लास?" त्या म्हणाल्या. आता बोलतोस होय माझ्याशी?

"आगोरा," काका म्हणाले. आता.

त्यानंतर जे झालं ते मी नीट सांगू शकेन असं वाटत नाही. चार वर्षं कार्डं लावून मला निम्मं कळत होतं. काका बोलत सुटले. पाच खोके शब्द त्यांच्या जवळ होते, पण ते जोडायचे कसे हे त्यांना येत नव्हतं, आणि जिथे अडेल तिथे ते सरळ मराठी घालत. "काय गो ते," म्हणून थांबत. सुलतानाबाई हसायला लागल्या. त्यांनी चूक झाली की काकांच्या हातावर चापट मारायला सुरुवात केली. एक वाक्य त्यांनी काकांकडून चारदा म्हणवून घेतलं. काका म्हणाले, "मारतेस काय, म्हातारा माणूस आहे मी," तर त्या म्हणाल्या, "तू तेव्हाही म्हातारा होतास, पंचविसाव्या वर्षी." सुलतानाबाईंना घर आठवलं, आईचा स्वयंपाक आठवला, फेरीबोट आठवली. खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्यांवर ऊन सरकत होतं आणि खोलीत कुणीतरी इझमीरचं आखात हळूहळू भरत आणलं होतं. आखात मावी होतं, बोटीची चिमणी मावी होती. मग एस्त्रेयाचा कोट निघाला. लंडनला आल्यावर पहिल्या पगारात तिने घेतलेला. आई रागावली होती, कारण असला मावी कोट नट्या घालतात. पहिल्यांदा 'त्या हिंदुस्थान्याला' घेऊन घरी आली तेव्हा तिने तोच घातला होता.

"तो राखाडी होता," काका म्हणाले. इंग्रजीत निघालं ते त्यांच्या तोंडून.

"मावी," सुलतानाबाई म्हणाल्या.

"मला राखाडी आठवतो."

"तू कोटाकडे पाहत होतास का?"

माझा हात नकळत बॅगेकडे गेला होता. कोण म्हणालं, कुठे, काय सांगताना. सगळं होतं, आणि मागितल्याशिवाय आलेलं होतं. काकांनी माझ्याकडे न पाहताच बोट किंचित हलवून मला थांबवलं. मग सुलतानाबाईंचा हात दोन्ही हातांत धरून त्यांच्याच भाषेत, अडखळत म्हणाले, "होता. मावी होता. अजून सांग."

एप्रिलमध्ये काका आणखी तीनदा गेले. तेव्हा मी बरोबर नव्हते. मे महिन्याच्या शेवटी ते गेले, दुपारी, खुर्चीत. दफनाला सुलतानाबाई व्हीलचेअरवरून आल्या होत्या. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. त्या माती हातात धरून लादिनोत बराच वेळ त्यांच्याशी बोलत होत्या, एखाद्याला प्रवासाला पोचवायला आल्यासारख्या. त्यांचं बोलणं संपेपर्यंत कुणी त्यांना थांबवलं नाही. मीही ते लिहून घेतलं नाही.

पाचही खोके काकांनी मला दिले होते. मी ते एका विद्यापीठाच्या भाषाविभागाला दिले. तिथल्या तरुण बाई फार काळजीपूर्वक एकेक कार्ड पाहत होत्या, आणि अशी नोंद आपण कुठे पाहिलेली नाही असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. 'मावी'पाशी त्या थांबल्या. कार्ड उलटून पाहिलं.

"हे रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्याबरोबर होतात ना? हा शब्द कुणाकडून ऐकायला मिळालाच नाही का?"

"मिळाला की," मी म्हटलं. "पण त्या दुपारी तिथे लिहायला कुणी मोकळं नव्हतं."